बंदीची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

संपादक महोदय,
स. न.

देशभर एकाच दिवशी दारूबंदी लागू करावी, अशी मागणी करणारी पत्रे आपल्या ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ या सदरात अधूनमधून येत असतात. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात औषधी वापर वगळता मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहेच. बंदी हवी की नको, या वादात आम्हाला पडायचे नाही. बंदीआधी काही कामे व्हायला हवीत आणि ती न करता तारीख जाहीर झाली, तर पहिल्याच आठवड्यात कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयांत काय होईल, हे आजच सांगता येते. पत्र त्यासाठी.

दारू हा सातव्या परिशिष्टातील राज्य सूचीतला आठव्या नोंदीचा विषय आहे. तो केंद्राकडे न्यायचा तर घटनादुरुस्ती आणि तिला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागेल. एका रात्रीत होण्यासारखे ते काम नाही, म्हणजे तयारीला वेळ मिळेल. महाराष्ट्रात तर कागदावर आजही बंदीच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा कोणी रद्द केलेला नाही, आणि परवाना खिशात नसताना पिणे अजूनही गुन्हा आहे. १९५० च्या कडक बंदीला साठच्या दशकात परवान्यांची वाट फुटली, पुढे १९७३ च्या नियमांनी देशी दारूची दुकाने आली. मधल्या काळात लोक टिंचर, कोलन वॉटर आणि फ्रेंच पॉलिशपर्यंत गेले. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतल्या कांदळवनात भट्ट्या लागल्या त्याही त्याच काळात.

देशव्यापी बंदीच्या बाजूने कोकणापुरता एक मुद्दा मात्र खणखणीत आहे, आणि तो पत्रलेखकांनी मांडलेला दिसत नाही. राज्यापुरती बंदी सिंधुदुर्गात टिकणारच नाही, कारण शेजारी गोवा आहे. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचे शुल्क वाढवले. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीसाठी ८० आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यासाठी २०५ रुपयांवर गेली. गोव्यात शुल्क कमी. या फरकावरच सगळी वाहतूक चालते. बांदा-पत्रादेवीचा महामार्ग, दोडामार्ग, सातार्डा, आरोंदा हे रस्ते, पुढे आंबोली आणि करूळ घाटातून कोल्हापूर. इन्सुलीच्या नाक्यावर पकडलेल्या गाड्यांच्या बातम्या आपणच छापता: टपाखाली चोरकप्पा, मासळीच्या खोक्यांखाली बाटल्या, भुशाच्या गोण्यांमागे खोके. एका बाजूला बंदी आणि दुसऱ्या बाजूला स्वस्त माल असेल तोवर नाके कितीही वाढवा. गडचिरोलीत १९९३ पासून आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात हीच अडचण होती. दोन्ही बाजूंना एकच कायदा आला तर वाहतुकीतला नफा आटेल, हे मान्य करावे लागते.

बंदीने पिणे कमी होतच नाही, असे म्हणणेही खोटे आहे. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून पूर्ण बंदी आहे. लॅन्सेट समूहाच्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात, बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्या पुरुषांची संख्या सुमारे २४ लाखांनी कमी झाली आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली, असा अंदाज मांडला आहे. मार खाणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा आकडा लहान नाही. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील पुरुषांत पिणारे बिहारमध्ये १५.५ टक्के आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के निघाले. दुकाने उघडी असलेल्या राज्यापेक्षा बंदी असलेल्या राज्यात प्रमाण जास्त. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: बंदीने बरेच जण थांबतात, आणि जे थांबत नाहीत त्यांच्या पेल्यात काय पडते आहे यावर सरकारचा काहीही ताबा उरत नाही.

न थांबणाऱ्यांपैकी बरेच जण थांबू शकत नाहीत, इथे खरी अडचण आहे. दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. ज्यांचे शरीर दारूवर अवलंबून आहे, त्यांच्यातल्या ३८ जणांत एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० त एक.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली, तर पुढचे चार दिवस कसे जातात ते नीट समजून घ्यायला हवे. पहिल्या सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. घरच्यांना वाटते, तलफ आली आहे, होईल कमी. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते, आधी कधीही न आलेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दारात कोणी उभे असल्यासारखे वाटते, ताप चढतो, नाडी धावते, माणूस उठून पळत सुटतो. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ समजून आधी गाऱ्हाणे घातले जाते आणि त्यात मोलाचा दिवस जातो. ही अवस्था उपचाराविना जीव घेऊ शकते. उपचार मात्र अवघड नाहीत, महागही नाहीत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन आठ-दहा दिवसांत उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. पाणी आणि क्षार भरून काढायचे. आणि ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी थायमिनचे, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन. ही शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा चुकते. ‘अशक्तपणा आहे, एक बाटली लावा’ म्हणून ग्लुकोज आधी चढवले, तर शरीरात उरलेले थोडेसे थायमिनही खर्ची पडते आणि डोळ्यांच्या हालचाली, तोल व स्मृती यांवर घाला पडू शकतो. नंतरचे विस्मरण कायमचे राहिल्याचीही उदाहरणे आहेत.

हे सगळे मार्च २०२० मध्ये देशाने एकदा पाहिले आहे. टाळेबंदीत दुकाने एका रात्रीत बंद झाली आणि केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या होऊ लागल्या. तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, आणि उच्च न्यायालयाने तो लगेच स्थगित केला. दोन्ही निर्णयांत गोंधळ दिसतो, कारण आधी कोणी विचारच केला नव्हता. चिठ्ठीवर द्यायला हवी होती ती वरची औषधे.

म्हणून पहिले काम: बंदीच्या किमान सहा महिने आधीपासून प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात विषमुक्तीसाठी, म्हणजे दारू सुरक्षितपणे तोडण्यासाठी, काही खाटा, वरच्या औषधांचा आणि थायमिनच्या इंजेक्शनांचा साठा, आणि निदान दोन डॉक्टर व चार परिचारिकांना प्रशिक्षण. आज दोडामार्ग किंवा मंडणगडच्या माणसाला दाखल होऊन व्यसनमुक्ती करायची तर नातेवाईक मुंबई-पुण्याची वाट धरतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करते आहे, पण अख्ख्या कोकणाने पुण्याला जावे हे काही धोरण नव्हे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक देशी दारूच्या प्रत्येक दुकानावर आजच रंगवता येतील. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

दुसरे काम मिथेनॉलचे. याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडे विस्ताराने.

हातभट्टीची म्हणजे विषारी, असे सरसकट म्हटले जाते. काळा गूळ आणि नवसागराच्या रसायनातून निघणाऱ्या गावठीत मिथेनॉल नगण्य असते, कारण ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून तयार होते आणि गुळात पेक्टिन जवळजवळ नसते. गावठीचे धोके वेगळे आहेत: गंजके पिंप, झाळलेल्या सांध्यांतून उतरणारे शिसे, ‘पहिल्या धारेची’ म्हणून विकला जाणारा भलताच कडक माल, आणि प्रत्येक खेपेला बदलणारी तीव्रता. माणसे घाऊक मरतात ती बहुधा दुसऱ्याच कारणाने. कारखान्यासाठी आलेले मिथेनॉल कुठेतरी टँकरमधून किंवा पिंपातून गळते, आणि भट्टी लावण्याचा खटाटोप न करता पाणी मिसळून सरळ विकले जाते. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक जण दगावले. कारखान्यातून चोरलेले मिथेनॉल पाणी घालून विकल्याचे तिथल्या पोलिसांनी सांगितले. गुजरातेत बंदी आहे. पण मुंबईत विक्रोळीला २००४ मध्ये ८७ आणि मालवणीला २०१५ मध्ये शंभरहून अधिक माणसे गेली, तामिळनाडूत कल्लाकुरिचीला २०२४ मध्ये साठहून अधिक, आणि या ठिकाणी प्रत्यक्षात बंदी नव्हती. अशी दारू सर्वात गरीब माणूस पितो, कारण अधिकृत बाटली त्याला परवडत नाही. बंदीनंतर परवडणारी बाटलीच राहणार नाही, म्हणजे या गिऱ्हाइकांत आणखी भर पडेल.

कोकणाच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. तळोजा, रोहा, महाड, लोटे-परशुराम या रासायनिक वसाहती याच पट्ट्यात आहेत, आणि रसायनांचे टँकर याच महामार्गावरून धावतात. मिथेनॉल हा त्या उद्योगाचा रोजचा द्रावक आणि कच्चा माल. त्यावर बंदी घालणे शक्य नाही आणि गरजही नाही. गरज आहे ती हिशेबाची: टँकर भरताना आणि रिकामा करताना वजन, सीलचा क्रमांक, वाटेतल्या थांब्यांची उपग्रहावरून नोंद, कारखान्यात रोजचा वापर आणि शिल्लक यांचा ताळा, रिकाम्या पिंपांचा हिशेब. दोन-पाच टक्के ‘बाष्पीभवन’ म्हणून सोडून देण्याची पद्धत बंद व्हायला हवी. लहान पिंपांतल्या विक्रीत कडू चव आणणारा पदार्थ आणि ठळक रंग मिसळण्याची सक्ती करता येईल. जिथे शुद्ध मिथेनॉलच लागते तिथे हे चालणार नाही, हे खरे. तिथे वजनाचा ताळा हाच उपाय.

विषबाधा झाली तर काय? मिथेनॉल स्वतः फार विषारी नसते. यकृतात त्याचे फॉर्मॅल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्यांच्या नसा जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. याला वेळ लागतो, म्हणून पिणारा रात्री घरी येऊन नीट झोपतो आणि बारा ते चोवीस तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांसमोर धुके घेऊन उठतो. सोबत खरी दारूही प्यायला असेल तर लक्षणे आणखी उशिरा येतात. पोटदुखी आणि उलट्यांवर पित्ताची गोळी देऊन घरी पाठवणे ही इथली ठरलेली चूक. दहा मिलीने दृष्टी जाऊ शकते, तीस मिलीने जीव. एकाच ठिकाणी प्यायलेल्यांपैकी एकाला त्रास झाला, तर बाकी सगळ्यांना, अगदी ठणठणीत दिसणाऱ्यांनाही, त्याच गाडीतून न्यायला हवे. काडी लावून ज्योतीचा रंग बघणे, वास घेणे, हातावर चोळून बघणे, या परीक्षांना काही अर्थ नाही.

उपचारात सोडा-बायकार्बोनेट, फोलिनिक आम्ल, गरज असेल तर डायलिसिस, आणि यकृतातली ती प्रक्रिया थांबवणारे फोमेपिझोल हे औषध. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. मग त्याच्या जागी वापरतात ती चक्क दारू: शुद्ध इथेनॉल, मोजून, नळीवाटे, रक्तातले प्रमाण तपासत. म्हणजे विषारी दारूवरचा उतारा म्हणून रुग्णालयात इथेनॉल लागेल, आणि बंदीचा कायदा लिहिणाऱ्याने त्याची साठवण, नोंदवही आणि परवाना यांची तरतूद आधीच केली नसेल, तर जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर मध्यरात्री परवानगीच्या शोधात राहील. घटनेच्या कलमातला ‘औषधी वापर वगळून’ हा शब्दप्रयोग अशा वेळी नियमांत उतरलेला असावा लागतो.

आता माडीविषयी, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाविषयी. बंदीच्या चर्चेत माडी आणि ‘इंग्लिश’ यांना एकाच पोत्यात घालतात. माडीत मद्यार्क चार-पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ती काढणारी भंडारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढत आली आहेत. इंग्रजांच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर झाडामागे कर आणि मक्ते आले तेव्हापासून हा समाज कायद्याशी झगडतो आहे. बंदी आली की त्यांना नीरा विका, असे सांगितले जाते. बिहारमध्येही तेच सांगितले गेले. नीरा विकणे म्हणजे नेमके काय ते पाहा. पोयीला, म्हणजे माडाच्या न उमललेल्या तुऱ्याला, बांधायचे मडके आतून चुन्याने माखायचे, रात्रभर गळलेला रस सूर्योदयाआधी उतरवायचा आणि लगेच थंड करायचा. एक माड दिवसाला दीड-दोन लिटर देतो. मे महिन्याच्या दमट उकाड्यात बर्फाशिवाय दोन-तीन तास गेले की फेस येऊ लागतो, म्हणजे नीरेची माडी होते. त्याच क्षणी विकणारा गुन्हेगार. मडके धुण्यात हयगय झाली तरी हेच. गावागणिक शीतपेटी आणि सकाळी सातच्या आत माल उचलणारी गाडी नसेल, तर नीरेची योजना कागदावरच राहील. आणि खरी माडी बंद झाली की क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध घातलेली पांढरी माडी येते. तेलंगणात अशा भेसळीवर एकदम कारवाई झाल्यावर माणसे फिट आणि भ्रम घेऊन रुग्णालयांत आली, कारण त्यांना सवय ताडीची नव्हती, त्यातल्या औषधाची होती.

काजूच्या बोंडूचे दुखणे वेगळे. गोव्यात बोंडूची उर्राक आणि फेणी होते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या बाजूला बी काढली की बोंडू बहुतेक झाडाखालीच कुजतो. देशव्यापी बंदीत गोव्यातलाही कुजेल. रस काढून तुरटपणा घालवायची पद्धत साधी आहे: लिटरला पाच ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून, गार करून रसात ढवळायचे आणि दहा-बारा तासांनी वरचा नितळ रस काढून घ्यायचा. मात्र बोंडू पडला त्या दिवशीच पिळावा लागतो. प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. सरबताला फेणीचा भाव मिळत नाही.

अंमलबजावणीवर फार लिहीत नाही. बिहारमध्ये लाखोंनी अटका झाल्या, न्यायालये जामीन अर्जांनी तुंबली, आणि अखेर २०२२ मध्ये पहिल्यांदा पिऊन सापडणाऱ्याला दोन ते पाच हजारांच्या दंडावर सोडण्याची दुरुस्ती करावी लागली. कायदा देशभर करायचा असेल तर ही दुरुस्ती पहिल्या मसुद्यातच असावी. दारूच्या पिशव्या विकणारी विधवा बाई तुरुंगात आणि टँकरचा मालक बाहेर, असा कायदा कोणाच्या उपयोगाचा?

आपल्याकडे बंदीचा एक चांगला मार्ग आधीपासून आहे: आडवी बाटली. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान, आणि यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. अट ‘यादीतल्या’ महिलांची आहे, आलेल्यांची नाही. आणि कोकणातल्या मतदारयाद्यांत मुंबईला राहणाऱ्या चाकरमानी कुटुंबांतल्या बायकांची नावे असतात. गावात राहणाऱ्या सगळ्या जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तरी निम्म्याचा आकडा गाठणे कठीण होते. अशा मतदानाची तारीख गणपतीत किंवा शिमग्यात ठेवावी, किंवा सहा महिने गावात राहणाऱ्यांचीच यादी धरावी. हा बदल राज्याच्या पातळीवर होण्यासारखा आहे. दुकान बंद झाले की खाडीपलीकडच्या गावाला परवाना मिळू नये, हेही नियमात हवे.

आणि बंदी खरोखर यायचीच असेल तर किनाऱ्यासाठी एक सूचना. ट्रॉलरवरचा खलाशी चार-पाच दिवस समुद्रात असतो. दारू तुटल्यावर फिट येण्याची वेळ त्याच्यावर डेकवर आली तर तो पाण्यात जाईल, आणि नौका चालवणाऱ्या तांडेलाला काय झाले ते कळणारही नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात. स्थानिक खलाशांची विषमुक्ती त्या दोन महिन्यांत करता येईल. परराज्यांतले खलाशी तेव्हा गावी जातात, त्यांची नोंद मच्छीमार सोसायट्यांनी हंगाम सुरू होताना घ्यावी आणि पहिल्या फेरीआधी तपासणी करावी.

शेवटची विनंती आपल्यालाच. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा छोट्या जाहिराती मराठी दैनिकांत वर्षानुवर्षे छापल्या जातात. अशा पुडीत डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे औषध चांगले आहे, पण ते रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करून द्यायचे असते. चहात किंवा आमटीत मिसळून दिले आणि तो माणूस बाहेर जाऊन प्यायला, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर जीवही जाऊ शकतो. बायकोने काळजीपोटी घातलेल्या पुडीने हे घडते. ही जाहिरात आपल्या पानावर येत असेल तर ती उद्यापासून घेऊ नये.

आपले,
आरोग्य व व्यसनमुक्तीच्या कामातील काही वाचक,
कणकवली–कुडाळ, जि. सिंधुदुर्ग